नंबरापुढचा मजकूर

डीबगरचं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या सॉफ्टवेअरचं, नवं व्हर्जन आत्ता टाकू नका असं मी सांगत होते, पण आमच्या ऑफिसात ऐकतो कोण. दुबईत जबल अलीच्या गोदामातला, आमच्या प्रोग्रॅमवर चालणारा सामानाचा बेल्ट बंद पडलेला, तिथला मॅनेजर दर पाच मिनिटांनी फोनवर, "यल्ला, जल्दी, बेल्ट कब चलेगा?" आणि इकडे डीबगर अडून बसलेला. प्रोग्रॅम कुठल्या कुठल्या ओळीवर थांबवून तपासायचा, याची यादी आमच्या सावंतसरांनी करून ठेवली आहे. तीच तो घेईना. म्हणे, ओळीच्या नंबरापुढे फालतू मजकूर आहे.

यादी उघडली, तर प्रत्येक नंबरापुढे सरांनी गप्पा मारल्यासारखं लिहिलेलं. जुना डीबगर नंबर वाचायचा आणि पुढचं सोडून द्यायचा, म्हणून यांनी आठ वर्षं टिपणं तिथेच लिहिली. नवा एक शब्द जास्तीचा खपवून घेत नाही.

"सर, टिपणं वेगळी लिहितात हो."

"आठ वर्षं त्याची काही तक्रार नव्हती. तुझी का आहे?"

तेवढ्यात मॅनेजरचा परत फोन आला. मी वैतागून नंबर तेवढे ठेवले, बाकी सगळं पुसलं आणि सेव्ह केलं. यादी निमूट चालली. प्रोग्रॅम तीनशे दहाव्या ओळीवर शहाण्यासारखा येऊन थांबला.

"सर, इथे नेमकं काय बघायचं?"

सर चष्मा कपाळावर सरकवत शांतपणे म्हणाले, "ते तिथेच लिहिलं होतं."