काणीवरचं गंधक

बियाण्याला गंधक चोळायचं असेल, तर स्वतः चोळा, कुणाला सांगू नका. मी सांगितलं आणि फसलो.

आदल्या वर्षी निम्मी ज्वारी काणीने खाल्ली होती. कणसात दाण्याऐवजी नुसती काळी भुकटी. शेतकी खात्याच्या साहेबांनी पिवळ्या गंधकाचा पुडा दिला. पेरणीच्या पाभरीची पूजा होती, त्या सकाळी तो आईच्या हातात दिला, "माय, हाई लाई दे", हे लावून दे, एवढंच बोललो आणि बैल आणायला गेलो. परत येऊन विचारलं, "लायं का?"

"लाई दिनं ना, बापू!"

मी निर्धास्त पेरलं. कणसं आली ती पुन्हा काळीच. साहेब बघायला आले आणि माझ्यावर तापले.

आई मध्ये पडली. "साहेब, त्याले बोलू नका. मी पाभरले लायं, पाच सवासणीसना कपाळले लायं. सरकारी हळद शे म्हनीसन वासबी सहन कया. उरेल हळद याची मावशी लई गयी."

साहेबांनी डोक्याला हात लावला. तेवढ्यात मावशीच मान पुढे करून आली. "दखा साहेब, तीन वरीसनं गजकर्ण साफ गयं!"

मी हळूच पुढल्या पेरणीसाठी गंधक मागितलं.

"किती एकर?" साहेबांनी विचारलं.

माझ्याआधी मावशीच म्हणाली, "एकरनं माले माहीत नही. गजकर्णवाल्या बाया बारा शेतस."