मांडीवरचा व्हॉल्व्ह

मुलचेऱ्याच्या बसमधी माझ्या मागं एक म्हातारा न् एक बाई बसले होते.

"भाऊ, डब्यात अंडे हायेत का? मांडीवरून खाली ठेवूनच नाई राह्यले."

"काचेचा व्हॉल्व्ह हाये, बाई. माझ्या जुन्या रेडिओ-ट्रान्समीटरचा. हा बसवला का आजच वरोऱ्याच्या माझ्या दोस्तासंग, मुखरूसंग बोलतो."

"फोन करा ना."

"त्याले आता ऐकू येत नाई."

"मंग रेडिओ कसा ऐकते?"

"स्पीकरवर बोट ठेवते. माझी मोर्स कोडची टकटक त्याच्या बोटाले समजते."

"मोबाईलवर लिहून धाडा."

"लिहिलेलं साऱ्यायचं सारखंच दिसते. टकटकीवरून तो माझा हात ओळखते."

"न् हा फुटला तं?"

"दुसरा शोधीन. हाच शोधाले तीन वर्षं लागले."

"लय हट्टी हा तुमी. आणा तो डबा, माझ्या पदरात ठेवा. समोर खड्डे हायेत."