नामदेवाचं पन्हळीचं मशीन

तुम्हाला सांगतो, जळणं म्हणजे काय ते मला या वयात कळलं. आमच्या घोटी गावात तांदूळ साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या मी हातोडीनं ठोकून करायचो. कोठी फुगू नये म्हणून पत्र्यावर लांब पन्हळ, म्हणजे खोलगट रेघ, पाडावी लागते, त्यात माझं नाव होतं. आणि शेजारच्या नामदेवानं घरी पन्हळ पाडायचं स्वस्तातलं मशीन आणलं. दोन चाकांत पत्रा धरायचा अन् हँडल फिरवायचं, बस.

पहिल्याच दिवशी बघायला गेलो. पन्हळ वाकडी! जिवाला असं गार वाटलं, की त्याच्याकडं चहा दोनदा घेतला.

"आबा, चुकतंय कुठं? चाकं आवळली तरी पत्रा पळतोय," नामदेव म्हणाला.

मला दिसत होतं. चाकं आवळली की वरचं चाक धरणारा मशीनचा पातळ हात उचलला जायचा. पण मी चार दिवस गप्प राहिलो. पाचव्या दिवशी त्यानं चांगला कोरा पत्रा नासवला, ते काही मला बघवेना.

"अरे, त्या हाताला जाड अँगल वेल्ड कर. हलायचा नाय मग."

त्यानं केला. पन्हळ अशी सरळ आली, की मला माझीच वाकडी दिसायला लागली.

दोन दिवसांनी आमची ही म्हणाली, "अहो, नामदेवाला आपल्या तांदळाची कोठी सांगून आले."

"का? मी मेलो का?"

"तुम्हीच सुधारलं ना त्याचं मशीन? मग कोठी तुमचीच झाली की!"

माझीच म्हणे. पण तांदूळ काढायला मी अजून त्या कोठीजवळ जात नाही.