डबी वाजते की नाही

हॅलो?

…हो, मीच. दुसरं कोण असणार या घरात? बोल.

ताईने फोन गाल आणि खांद्याच्या मधे दाबून धरला, कारण हात मोकळे नव्हते. एका हातात कात्री, दुसऱ्यात कुणाच्या तरी शर्टाची कॉलर. चिमीचा फोन आला म्हणून शिवण थांबवायची नाही, हा तिचा जुना नियम. चिमी म्हणजे धाकटी बहीण. स्वतः आजी झाली तरी ताईला ती चिमीच. आणि ताईला एकटीला काही जमत नाही, हे चिमीने मनाशी पक्कं करून ठेवलेलं.

…हो, येऊन गेला वायरमन. आत्ताच गेला. …अगं शिडी त्याचीच. माझ्याकडे कुठली शिडी? …तिन्ही बसवल्या. एक बाहेरच्या खोलीत, एक झोपायच्या खोलीत, एक स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. …नाही, दाराबाहेर म्हणतेय मी. शेगडीच्या डोक्यावर नाही. …अगं ऐक ना, तिथे लावली तर कांदा परतला तरी बोंबलेल, हे तूच सांगितलंस ना? मग? …आणि तो पार कोपऱ्यात ठोकायला निघाला होता. मीच अडवलं. म्हटलं कोपऱ्यात धूर उशिरा पोचतो, मधे घे. …हो, तेही तूच सांगितलं होतंस. श्रेय घे, बाई.

गेल्या महिन्यात ताईने शेगडीवर दूध ठेवलं आणि एक कॉलर लावायला बसली. कॉलर उत्तम बसली. दुधाचा कोळसा झाला, पातेलं कामातून गेलं, स्वयंपाकघराची एक भिंत काळी पडली, आणि वरच्या मजल्यावरची शेजारीण वास घेत घेत खाली आली तोवर ताईला पत्ता नव्हता. एवढ्यावर मिटलं असतं. पण त्या शेजारणीकडे चिमीचा नंबर होता. त्याच संध्याकाळी चिमीने फोनवर निकाल सुनावला. धूर झाला की वाजणारी यंत्रं घरात बसव, आणि ती वाजतात हे मला फोनवरून ऐकव. नाहीतर पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी माझा जावई टेम्पो घेऊन येईल आणि तू मशीनसकट इकडे राहायला यायचंस. कायमचं.

चिमीच्या घरी खोली तयारसुद्धा होती. खिडकी समोरच्या इमारतीच्या पाइपांकडे. मशीन ठेवायला गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली जागा. खिडकीला नवे पडदे लावून झाले होते, आणि ते चिमीने बाहेरून शिवून घेतले होते. बहीण शिंपीण असताना. ताईला खरं तर तिथेच सगळं कळून चुकलं होतं.

…ऐकवते ना. नाही कोण म्हणतंय? …जरा उठू तर दे. गुडघे माझे आहेत, तुझे नाहीत.

ती उठली खरी, पण सावकाश. कारण चिमीला न सांगितलेली एक गोष्ट होती.

दुकानातून आणलेली पहिली डबी वाजलीच नव्हती. (दुकानदार स्मोक डिटेक्टर म्हणायचा. ताई डबी म्हणायची, कारण ती डबीच दिसायची, पांढरी, फुगीर, मधे एक बटण.) ताईने ती टेबलावर ठेवून बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकला. बाकी शुकशुकाट. तिने ती परत नेली. दुकानदाराने बटण दाबलं, डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, वाजते की. ताई म्हणाली, कुठे वाजते? त्याने तिच्याकडे पाहिलं, दुकानातल्या गर्दीकडे पाहिलं, आणि न बोलता दुसरी काढून दिली. दुसरीची तीच तऱ्हा. मग उरलेल्या दोन तिने घरी तपासल्याच नाहीत. आज वायरमनने शिडीवरून तिन्हींची बटणं दाबली, तेव्हा दर वेळी त्याचा एक खांदा कानापर्यंत वर गेला. ताईला वाटलं, मान धरली असेल, शिडीवर धरते. सगळं ओके म्हणून तो गेला. ताईने पुढे काही विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही.

एकूण ही कंपनीच बोगस, असं तिने ठरवलं होतं. आणि त्या बोगस कंपनीच्या जिवावर तिला आता आपलं घर वाचवायचं होतं. मधे तिच्या मनात आलंही होतं की फोनजवळ तोंड नेऊन आपणच टीं टीं करावं. पण चिमीसमोर तिला खोटं कधी धड जमलेलं नाही, तिला मधेच हसू येतं.

…छत्री शोधतेय. …पाऊस कुठला? बटण दाबायला. शिडी घेऊन गेला ना तो. …हं. सापडली. आता ऐक.

छत्रीच्या टोकाने तिने डबीचं बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकला. ताईने दुसऱ्या हाताने फोन छताकडे उंच धरला, आणि देव्हाऱ्यासमोर उभं राहावं तशी डोळे मिटून उभी राहिली. मग फोन खाली आणला.

…आला आवाज?

…काहीच नाही? …नीट सांग, थोडा पण नाही? …थांब, परत दाबते. हा हात काय सरळ राहत नाही. …आता? …आता पण नाही.

आता ताईचं काळीज धस्स व्हायला हवं होतं. झालं उलटंच. तिला इतकं बरं वाटलं की तिने छत्री तशीच वर टेकवून धरली आणि बोलायला लागली.

…मलाही नाही आला. अगदी शपथ. म्हणजे बघ, बिघडलेलीच आहे. मी म्हणत होते. …कोणाला म्हणजे, मनात म्हणत होते. पहिली तर मी परतच केली, चिमे, आणि दुसरीचीही तीच रड. …सांगितलं नाही, कारण तू लगेच टेम्पो पाठवला असतास. …हे बघ, वस्तू बोगस निघाली यात माझा काय दोष? तूच हीच कंपनी घे म्हणालीस. …तूच. …तर रविवारचं रद्द कर. दुसऱ्या कंपनीच्या आणते, मग हवं तर दिवसभर ऐकवते. …नाही, रद्दच. …मी येणार नाही म्हणजे नाही. माझी गिऱ्हाइकं काय तुझ्या गॅलरीत येणार?

खाली कुणाचा तरी कुत्रा एकसारखा भुंकत होता. ताईने फोन खांद्याने दाबला आणि दुसरा कान हाताने झाकला, चिमीचं नीट ऐकू यावं म्हणून. मग कोणीतरी दार बडवायला लागलं.

…एक मिनिट. दार वाजतंय. ठेवू नकोस.

दारात वरच्या मजल्यावरची उभी होती. डोक्यावर फेस, अंगावर कसाबसा गुंडाळलेला गाऊन, पायात दोन वेगवेगळ्या चपला. ती न विचारता आत घुसली आणि आग कुठे लागली म्हणून स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली. आग नव्हती. मग ती कमरेवर हात ठेवून म्हणाली की आग नाही तर मघापासून ते काय लावून ठेवलं होतं, न्हाणीघरात नळ चालू असूनसुद्धा डोकं उठलं. ताईने विचारलं, काय लावून ठेवलं होतं? शेजारणीने छताकडे बोट दाखवलं.

ताईने तिला समजावून सांगितलं की ती डबी वाजतच नाही, बिघडलेली आहे, आता माझ्या बहिणीनेही ऐकलं. म्हणजे, नाही ऐकलं. आणि खात्री पटवायला तिने छत्रीने पुन्हा बटण दाबलं.

शेजारणीने दोन्ही कान गच्च दाबले. फेसाचा एक गोळा जमिनीवर पडला. तिचे ओठ हलत होते, पण तिला बोलता येईना, आणि ताईला मात्र भिंतीवरचं घड्याळसुद्धा टकटक करताना ऐकू येत होतं.

छत्री खाली आली. शेजारणीने कान सोडले. छत्री वर गेली. शेजारणीने कान धरले. असं आणखी एकदा झालं, तेव्हा शेजारणीने छत्रीच काढून घेतली.

…चिमे, अगं आहेस ना? आत्ता आला का तुला आवाज? …नाही? …नक्की?

…कोण? …जावई घरीच आहेत? …काय म्हणताहेत ते? …फोनमधून शिट्टी? कसली शिट्टी? …ते कुठे बसलेत? …आतल्या खोलीत. आणि फोन तुझ्या हातात.

…विचार त्यांना, कधीपासून येतेय. …विचार ना.

…पहिल्यापासून.

ताई मशीनच्या स्टुलावर बसली. वायरमनची मान धरली नव्हती. दुकानदार बिचारा भला माणूस होता. तिने कॉलर उचलली, उलटी केली, सुलटी केली आणि परत ठेवली. शेजारीण डोक्यावरचा फेस गाऊनच्या बाहीने टिपत होती आणि दुसरीकडे बघण्याचा प्रयत्न करत होती.

…चिमे.

…मला ऐकू आला नाही. एकदाही नाही. …थांब. मी बोलतेय ना. तुलाही नाही आला.

पलीकडून खूप काही, आणि तेही भरभर.

…हो का. फोन जुना झालाय. …रेंज. …बरं. मग जावयांच्या फोनची रेंज चांगली असेल, नाही का? त्यांनी तर फोन हातातसुद्धा धरला नव्हता.

…कधीपासून, चिमे? …दारावरची बेल? …मग आलेले लोक काय करतात? …फोन करतात. आणि तो उचलतेस? …थरथरला की. बरंय. …घरच्यांना माहीत नाही? …आता झालंय. आता जावई जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगतील. …माझं काय? मला वाटायचं लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. …तुलाही तसंच वाटायचं?

इथे ताईला हसू फुटलं. लहानपणी कुणी मेलं असताना दोघींना फुटायचं तसलं, दाबलं की आणखी वर येणारं.

…आणि तू मला घेऊन जाणार होतीस. काळजी घ्यायला. …म्हणजे धूर झाला असता तर एकीला ऐकू आलं नसतं आणि दुसरीलाही आलं नसतं, आणि दोघी नव्या पडद्यांच्या खोलीत छान झोपून राहिलो असतो. …मी कुठे ओरडतेय? …हसतेय मी.

शेजारीण आता मशीनला टेकून उभी होती. तिच्या सासऱ्यांच्या बाबतीत हेच झालं होतं, असं ती म्हणाली. बारीक आवाज तेवढा जातो, बाकी सगळं ऐकू येतं, त्यामुळे माणसाला कळतच नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या जातीचं यंत्र आणलं. आवाज होतोच, पण त्याबरोबर जोराचा दिवा चमकतो, आणि उशीखाली एक चकती ठेवायची, ती हलते. एवढं सांगून ती म्हणाली की डोळ्यात फेस जातोय, आणि छत्री घेऊनच वर निघून गेली.

…ऐकलंस? …नाही, ती काय म्हणाली ते. …दिवा चमकणारी मिळते. आणि उशीखाली चकती, ती गदागदा हलवते म्हणे. …हो, झोपेत. …दचकायला होईल तर होऊ दे, दचकायसाठीच असते ती. मी शाळेत जायला तुला तशीच उठवायचे, त्याशिवाय कधी उठलीस? …दोन्ही घरांत लागेल. …तुझ्याकडेही. जावई कामाला गेल्यावर तुझ्याकडे कोण असतं? मग?

…रविवारी? …नाही, चिमे. रविवारी टेम्पो नको.

…हॅलो?

काहीच नाही.

…हॅलो? चिमे? …तू गप्प बसली आहेस की मला ऐकू येत नाहीये?

ताईने फोन डोळ्यांसमोर धरला. पडदा काळा होता, पण तो गालाला लागून नेहमीच काळा व्हायचा. पुन्हा कानाला लावला. आयुष्यात पहिल्यांदा तिला ही शांतता कसली आहे ते ओळखता येईना.

…बरं. असलीस तर ऐक. नसलीस तर मी परत सांगेन. मी माझ्या घरातच राहणार. दिव्याची डबी लावते, उशीखाली चकती ठेवते, दूध ठेवलं की मशीनवर बसणार नाही. तुला रोज फोन करेन, तू मोठ्याने बोल, मी पण मोठ्याने बोलेन, ऐकू देत जगाला. पण कानाच्या डॉक्टरकडे मी एकटी जाणार नाही. तिथे काचेच्या खोलीत बसवतात आणि विचारतात, आता आलं का ऐकू, आता आलं का. मला भीती वाटते. तू ये. आधी माझा बघतील, मग तुझा. का तुझा आधी? …ते आपण ठरवू.

ती थांबली. मग तिची मान आपोआप एका बाजूला कलली.

…आहेस तर. …नाही, बोलली नाहीस, पण नाक ओढलंस ते आलं. हे बरं स्पष्ट येतं. …रडत नाहीयेस. बरं. …सर्दी. …बरं, सर्दी.

…चिमे, पदराला पुसू नकोस, रुमाल घे. आणि ठेव आता. माझी कॉलर राहिलीये.

…तू ठेव.

…अगं, तू आधी.

ताईने वाट पाहिली, आणि मग तिनेच ठेवला.