मामाच्या अक्षरात

मामा : दोरी ताणून धर. आणि नुसती मान हलवू नकोस, तोंडाने बोल. 'नको' म्हणजे काय?

भाचा : नको म्हणजे नको. खडू दे.

मामा : खडू तुझ्याच कानावर आहे. लग्न ठरलं, हॉल सांगून झाला, आणि काल जेवता जेवता हे साहेब आईला म्हणतात, मला लग्न करायचं नाही. माझी बहीण रात्रभर पंख्याकडे बघत पडली होती. सकाळी मला म्हणाली, याचा बाप असता तर त्याने विचारलं असतं, आता तूच विचार. म्हणून विचारतोय. मुलगी आवडत नाही?

भाचा : आवडते.

मामा : दुसरी कोणी आहे?

भाचा : नाही रे मामा.

मामा : मग तिच्या चष्म्याचं काही? चष्म्याच्या दुकानात काम करते, ती चष्मा लावणारच.

भाचा : चष्मा छान दिसतो तिला.

मामा : मग माझी अक्कल संपली. अरे, दाढ काढतोयस की बटाटा? दातांच्या दवाखान्याची पाटी आहे ही. मुळं दाखव जरा. आणि तिला कोण सांगणार हे?

भाचा : मीच. आज संध्याकाळी, तिचं दुकान बंद झालं की. आईने सांगितलं तर तिला वाटेल, तिच्यात काही खोट आहे.

मामा : आणि तू काय सांगणार?

भाचा : की खोट माझ्यात आहे.

मामा : फळीवरून खाली उतर. उतर आधी. डबा ठेव. हां, आता बोल.

भाचा : इथे, रस्त्यात?

मामा : रस्त्यात कोण ऐकतंय? समोरच्या वेल्डिंगवाल्याला स्वतःच्या बायकोच्या हाका ऐकू येत नाहीत.

भाचा : मला, म्हणजे झोपेत... सकाळी चादर... कळलं ना तुला?

मामा : कळलं.

भाचा : खूप वर्षं. मिसरूड फुटलं तेव्हापासून. मध्ये थांबतं, मग पुन्हा. आणि ज्याला तसं होतं त्याची ताकद जाते. हाडं पोकळ होतात. तो बाप होऊ शकत नाही. मला ती आवडते म्हणून मी तिचं आयुष्य नासवू का?

मामा : हे कोणी भरवलं तुझ्या डोक्यात?

भाचा : राहू दे.

मामा : मित्रांनी?

भाचा : मित्र सगळं हसण्यावारी नेतात. राहू दे म्हटलं ना, मामा.

मामा : नाव सांग तू. आत्ता जाऊन त्याचं थोबाड रंगवून येतो, ब्रश हातातच आहे.

भाचा : तू लिहिलंयस.

मामा : मी?

भाचा : मंडईमागच्या लांब भिंतीवर. निळ्यावर पिवळं. 'तरुणांनो, झोपेत शक्ती जाते? हाडे पोकळ, चेहरा निस्तेज, संसार उद्ध्वस्त. आजच भेटा.' खाली बाण आहे. बाणाला तू सावलीसुद्धा दिलीयस.

मामा : ती पुडीवाल्याची जाहिरात.

भाचा : हो.

मामा : अरे, पण ती जाहिरात आहे.

भाचा : मला वाचायला कोणी शिकवलं? तूच. शाळेत घालायच्या आधी, सायकलच्या दांड्यावर बसवून. 'चपला', 'औषधे', 'येथे थुंकू नये'. आणि तूच सांगायचास, भिंतीवर खोटं लिहायचं नाही. कागद फाडून टाकता येतो, भिंत लोकांच्या समोर उभी राहते. त्या शिंप्याला तू 'एकमेव' लिहून दिलं नाहीस, कारण पुढच्या गल्लीत दुसरा शिंपी होता. तो चिडला, तर तू डबे उचलून चालू लागलास. मी होतो बरोबर. मग मी काय समजायचं? दुसऱ्या कोणा पेंटरने लिहिलं असतं तर मीही मित्रांसारखा हसलो असतो. तुझं अक्षर होतं, मामा.

मामा : मी वाचलं नव्हतं रे.

भाचा : लिहिलंस आणि वाचलं नाहीस?

मामा : लिहिताना कुठला पेंटर वाचतो? त्याने कागद हातात दिला, मी भिंतीची उंची घेतली, ओळी आखल्या. शेवटचं अक्षर कोपऱ्यात चेंगरणार नाही ना, एवढंच डोक्यात. शिंप्याची पाटी दोन शब्दांची होती, ती डोळ्यांत भरली. ही भलीमोठी. आणि खरं सांगू का, पहिली ओळ वाचली आणि मला लाज वाटली. म्हणून पुढचं वाचलंच नाही, नुसतं काढत गेलो. तू गेलास का त्याच्याकडे?

भाचा : बाण होता ना.

मामा : लेका.

भाचा : काळ्या पुड्या देतो. पाण्यातून घ्यायच्या. घेतल्या की पोटात आग पडते. तो म्हणतो, आग पडली म्हणजे गुण येतोय. लग्न ठरल्यापासून मी जास्तच घ्यायला लागलो. तर परवा म्हणाला, तुझं प्रकरण हाताबाहेर चाललंय, लग्न पुढे ढकल आणि मोठं औषध सुरू कर. पुढे ढकलून ती कुठवर वाट बघेल? म्हणून मोडूनच टाकतोय.

मामा : इकडे बघ. दाढेकडे नको, माझ्याकडे बघ. मलाही होत होतं.

भाचा : काय?

मामा : तेच. चादर. तुझ्या आजीच्या नजरेला पडू नये म्हणून पहाटे उठून धुवायचो. ती शेजारणींना सांगायची, माझ्या पोराला स्वच्छतेची भारी आवड.

भाचा : तुला?

मामा : मला. आणि तुझ्या बापालाही होत असणार, आणि त्या वेल्डिंगवाल्यालाही.

भाचा : पण मग मामीला... म्हणजे, तुम्हाला दोन मुली...

मामा : झाल्या ना. घर डोक्यावर घेतात, बघतोस ना? हाडं पोकळ असती तर त्या दोघींना खांद्यावर घेऊन फिरलो असतो का मी?

भाचा : मग मला आधी का नाही सांगितलंस?

मामा : मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून वाटलं, हे सांगायचंच नसतं, ज्याचं त्याला कळतं. तुझा बाप गेला तेव्हा मी बहिणीला शब्द दिला, पोराचं सगळं मी बघेन. सायकल शिकवली, दाढी करायला शिकवली, ब्रश धरायला शिकवला. एवढं एक टाळलं, आणि ते पुडीवाल्याने शिकवलं. मला फार वाईट वाटतंय, राजा.

भाचा : पण तू काही डॉक्टर नाहीस.

मामा : नाही. म्हणूनच पाटी गेली खड्ड्यात, हात पूस. सरकारी दवाखान्यात डॉक्टर दुपारपर्यंत बसतात.

भाचा : तिथे केसपेपर काढणारी बाई आईच्या ओळखीची आहे.

मामा : तिला सांगू, मामाची कंबर दाखवायचीय.

भाचा : आणि आत?

मामा : आत मीही येतो. तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसशील, मी ओळखतो तुला. त्या पुड्या असतील तर बरोबर घे. टर्पेंटाइन ओत इकडे. दातवाला ओरडला तर ओरडू दे, अर्धी दाढ बघून कोणी मरत नाही.

(संध्याकाळ. चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. ती आत काचेचं कपाट पुसतेय, तो बाहेर पायरीवर वाकून उभा.)

ती : दुकान बंद झालंय. उद्या या.

भाचा : मी आहे.

ती : दिसतंय. चष्मा लावलाय मी. बोला.

भाचा : 'बोला' काय?

ती : ज्यांना लग्न करायचं नसतं त्यांना मी अहो-जाहोच करते. दुपारी तुमच्या आईंचा फोन आला होता. नीट काही सांगेनात, नुसत्या रडत होत्या. मग आमच्याकडे सुरू झालं, मुलीचंच काहीतरी त्यांच्या कानावर गेलं असणार. काय गेलं तुमच्या कानावर?

भाचा : तुझ्याबद्दल काही नाही, शपथ. माझ्याबद्दल मीच एक चुकीचं धरून बसलो होतो. मला लाज वाटतेय, पण सांगायचं ठरवून आलोय. मध्ये थांबवू नकोस, नाहीतर जमणार नाही मला.

ती : सांगा. मी काच पुसते, तुमच्याकडे बघत नाही.

भाचा : मंडईमागची निळी भिंत आहे ना, तिच्यावरचं मला खरं वाटलं. झोपेत होतं ते, मुलांना. मला वाटलं, मी नवरा व्हायच्या लायकीचाच नाही. चोरून औषध घेत होतो. आज मामा मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय, तर मी मामाकडे बघायला लागलो. मग मामाने सांगितलं, आणि सांगता सांगता तो इतका घामाघूम झाला की डॉक्टरांनी आधी त्यालाच पाणी दिलं. मग म्हणाले, हा आजारच नाही. मुलगा वयात आला की शरीर ते तयार करत राहतं, आणि कधीकधी झोपेत आपोआप बाहेर टाकतं. त्याने ताकद जात नाही, हाडांना काही होत नाही, मूल व्हायला अडत नाही. कोणाला जास्त होतं, कोणाला कमी, कोणाला होतच नाही, आणि तिघंही ठणठणीत असतात. मला तपासलंही त्यांनी. म्हणाले, बिघडलंय ते फक्त तुझं पोट, आणि तेही या पुड्यांनी. त्या बंद करायला लावल्या, रक्त तपासायला घेतलं. एवढंच. एवढ्यासाठी मी तुला नाही म्हणणार होतो.

ती : झालं सांगून?

भाचा : झालं.

ती : तो माझा रोजचा रस्ता आहे. आम्ही बायका त्या भिंतीजवळून खाली मान घालून जातो. मी कधी ती पूर्ण वाचलीच नाही.

भाचा : मामानेही नव्हती वाचली, आणि रंगवली त्यानेच. आज फार लागलंय त्याला. दवाखान्यातून निघाला आणि चुन्याची बादली घेऊन थेट तिकडे गेला. पुडीवाला भांडायला आला, तर म्हणाला, भिंत मंडईची आणि अक्षर माझं, तुझं यात काय आहे? मी मदतीला थांबलो होतो. मला हाकलून दिलं, म्हणाला, तिचं दुकान बंद होईल, पळ.

ती : आईंना सांगितलंस?

भाचा : अजून नाही. आधी तुला.

ती : मला वाटलं, तू माझ्याबद्दलचं ऐकलंस म्हणून मोडतोयस.

भाचा : तुझं काय?

ती : माझी पाळी वेळेवर येत नाही. दोन-दोन महिने येत नाही, आणि आली की मला सरळ उभं राहवत नाही. काकू म्हणते, अशांना मूल राहत नाही, लग्न होईपर्यंत कोणाला पत्ता लागू देऊ नका. घरात सगळ्यांना माहीत आहे. पण हे का होतं, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आज फोन आला तेव्हा वाटलं, कळलं यांना. एका आजोबांना दुसऱ्याच माणसाचा चष्मा देऊन बसले मी. ते घालून गेलेसुद्धा.

भाचा : दवाखान्यात नाही दाखवलंस?

ती : लग्न न झालेली मुलगी बायकांच्या तपासणीच्या रांगेत दिसली की लोक काय काय बोलतात, तुला माहीत नाही?

भाचा : डॉक्टर म्हणत होते, लग्नाआधी दोघंही या. मूल कधी हवं, लगेच हवं का, लांबवायचं तर कसं, हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं, आणि विचारायला लाजायचं नसतं. मामाने तर बसल्या बसल्या स्वतःचंही विचारून घेतलं, दोन मुली झाल्या, आता आम्ही काय करावं. डॉक्टरांना हसू आवरेना.

ती : मामी त्यांना घरात घेणार नाहीत आज.

भाचा : उद्या सकाळी बाई डॉक्टर असतात तिथे.

ती : त्यांना सगळं विचारता येतं?

भाचा : मला आलं. म्हणजे, मामाला आलं.

ती : आणि त्या म्हणाल्या, काकूचंच खरं आहे, तर?

भाचा : तर ते आपल्याला डॉक्टरांकडून कळेल, काकूकडून नाही. मग काय करायचं ते बघू. मला तू हवी आहेस. दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी बरा आहे हे नंतर आठवलं, आधी हेच डोक्यात आलं की आता तिला नाही म्हणावं लागणार नाही.

ती : पुन्हा कधी असं एकट्याने ठरवायचं नाही.

भाचा : नाही ठरवणार.

ती : शटर वर धर जरा, मला बाहेर येऊ दे. उद्या दुकानात उशिरा येते म्हणून सांगते मी. सकाळी घरी ये मला घ्यायला.

भाचा : आत येऊ का तुझ्याबरोबर? मामासारखा?

ती : आत मी एकटी जाईन. तू बाहेरच्या बाकावर बस, सगळ्यांना दिसेल असा.