दोन थर्मास आणि एक गुडघा

कोमट! तुम्हाला सांगतो, चार वाजता कोमट! सकाळी सहाला खळखळ उकळलेलं पाणी, माझ्या स्वतःच्या हाताने ओतलेलं, माझ्या स्वतःच्या हाताने बूच पिळून बसवलेलं, आणि चार वाजता अक्काने एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, “अरे, हे पिण्याचं आहे की पाय धुण्याचं?” आता अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्याकडेच असते, आयुष्यभर शाळेत शिकवलंय तिने, त्यामुळे तिच्या घशाला दिवसभर गरम पाणी लागतं आणि तिच्या तोंडाला दिवसभर माझी चूक लागते. पण मी हटलो का? नाही! मी ठरवलं होतं. एकदा उकळायचं, दिवसभर प्यायचं!

आता हे कुठून सुरू झालं ते सांगतो. सुरू झालं गुडघ्यापासून. माझ्या नव्हे हो, हिच्या. बायकोच्या. उजवा गुडघा. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला, हिने दोन्ही वेळा ‘आई गं’ केलं, मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “उठबस कमी करायला सांगा यांना. असंच चालू राहिलं तर पुढे जिना चढणंसुद्धा विसरा.” आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर! म्हणजे काय, खाली उतरली की वर नाही आणि वर चढली की खाली नाही? बागेतल्या बाकावर तिच्या दोन मैत्रिणी रोज संध्याकाळी तिची वाट बघत बसतात, त्यांना काय आता खिडकीतून हात दाखवायचा? छे! मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

मग मी पाळत ठेवली. एक अख्खा दिवस. ही उठते कशाला? तर पाण्याला! अक्काला घशासाठी गरम पाणी... उठली. मला चहा... उठली. हिला स्वतःला कॉफी... उठली. अक्काचं पाणी गार झालं, परत उठली. नऊ वेळा! नऊ वेळा पातेलं चढवलं, नऊ वेळा ते उकळेपर्यंत त्या गुडघ्यावर उभी राहिली. तुम्ही म्हणाल, काका, मग तुम्ही का नाही उठलात? थांबा. मुद्दा तो नाही. तुम्ही लगेच माणसावर येता. मी पद्धतीबद्दल बोलतोय. पद्धत चुकीची होती!

आणि पद्धत म्हणजे काय ते मला विचारा. एकतीस वर्षं काढलीत बॉयलरच्या खोलीत. कापड रंगवायचा कारखाना, अख्ख्या कारखान्याला वाफ पुरवायची आम्ही. दर तासाला उठायचं, तबकडीवरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा, सही करायची. एकतीस वर्षांत एक तास चुकला नाही. लग्नाच्या दिवशी सुट्टी होती तरी बाराला, एकला आणि दोनला फोन करून आकडा विचारलेला मी! ही अजून ते काढते. निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांनी मिळून मला भेट काय दिली? थर्मामीटर. हातभर दांड्याचा. इतरांना घड्याळं मिळतात हो. पण मी तो आनंदाने घेतला, म्हटलं कधीतरी कामाला येईल.

तर गेलो भांड्यांच्या दुकानात. म्हटलं, “थर्मास दाखवा.” त्याने पंधरा काढले. मी प्रत्येकाचं बूच उघडून, आत डोळा लावून, बुडावर टिचकी मारून पाहिलं. दुकानदार म्हणाला, “काका, थर्मास घेताय की स्थळ बघताय?” मी लक्ष दिलं नाही. दोन घेतले. एक थोरला, बैठकीच्या खोलीत हिच्या खुर्चीशेजारी ठेवायला, आणि एक धाकटा, अक्काच्या उशाशी. शेजारी ट्रे, ट्रेमध्ये चहाच्या पुड्या, कॉफीची बरणी, साखर, तीन कप. हात लांब केला की सगळं! उठायचं काम नाही. दोघींना समोर बसवलं आणि जाहीर केलं, उद्यापासून या घरात एकदा उकळायचं, दिवसभर प्यायचं!

ही काही बोलली नाही. नुसती हसली. आता पस्तीस वर्षांच्या संसारात मला कळलेलं एवढंच आहे, की ही बोलली तर काळजी नाही.

पहिला दिवस. सहाला पाणी उकळलं. थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घेतले, काठोकाठ भरले, बूच घट्ट. सातला उघडून थर्मामीटर बुडवला... ब्याण्णव! वहीत लिहिलं, सही केली. आठला... सत्त्याऐंशी. सही. नऊला... ब्याऐंशी. सही. अक्काच्या खोलीतही तेच, ती ओरडते, “अरे, माझ्या पिण्याच्या पाण्यात तो बांबू कसला घालतोस!” मी म्हटलं, “अक्का, धुतलेला आहे.” “मग मीही धुतलेली आहे, मला बुडव!” अशी ती. मी सोडलं नाही. दहा, अकरा, बारा, एक... आणि चारला बघतो तर सत्तेचाळीस. कोमट! तो पाय धुण्याचा शेरा तेव्हाचा.

पण मी काय हार मानणारा माणूस आहे? दुसऱ्या दिवशी थर्मासला टॉवेल गुंडाळला. कोमट. तिसऱ्या दिवशी टॉवेलवर माझा स्वेटर, बाह्या पुढून बांधून. कोमट. चौथ्या दिवशी स्वेटरवर अक्काची शाल आणि डोक्यावर कानटोपी. शेजारीणबाई काहीतरी मागायला आल्या, खुर्चीशेजारी बघून हळूच म्हणाल्या, “पाहुणे झोपलेत वाटतं.” आणि चारला? कोमट!

पाचव्या दिवशी सकाळीच उचलले दोन्ही थर्मास, गेलो दुकानात. म्हटलं, “सदोष माल आहे.” दुकानदार म्हणाला, “ठेवून जा.” संध्याकाळी गेलो, तर त्याने बूच काढलं आणि भस्सकन वाफ माझ्या चष्म्यावर! “सकाळी भरलेलं, काका. माझ्याकडे गरम, तुमच्याकडे कोमट, हे कसं? बूच सारखं सारखं उघडत नाही ना?” मी म्हटलं, “छे, छे! सारखं कशाला? तासाला एकदा.” तो माझ्याकडे बघतच राहिला. “तासाला? कशासाठी?” “आकडा घ्यायला!” “अहो, उघडू नका, गरम राहील.” आता मला सांगा, उघडायचं नाही तर गरम आहे हे कळणार कसं? एकतीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला हा भांडी विकणारा सांगणार, बघू नका म्हणून? मी थर्मास उचलले, निघालो. म्हटलं, याच थर्मासांना वळण लावून दाखवीन. एकदा उकळायचं, दिवसभर प्यायचं!

आणि तुम्हाला खोटं वाटेल, वळण लागलं! सहाव्या दिवशी दुपारी दोनला एकसष्ट होतं. मी जरा आडवा झालो, तीनला उठून बुडवतो तर... अठ्ठ्याऐंशी! डोळे चोळले, परत बुडवला. अठ्ठ्याऐंशी! पाचला खाली पेपर आणायला जाऊन आलो, सहाला बघतो... नव्वद! सातव्या दिवशी तेच, आठव्या दिवशी तेच. एकदा तर मी आंघोळीला गेलो तेवढ्यात चौदा अंशांनी वर! मला भरूनच आलं हो. नवीन तवा कसा आधी चिकटतो आणि वापरून वापरून चांगला होतो, तसा थर्मास तयार होत होता! अक्कासुद्धा गप्प. ही तेव्हा जरा जास्त लंगडत होती, मी म्हटलं, “हवा बदलतेय, त्याने असेल.” ती म्हणाली, “असेल.” “हवा बदलतेय” असं म्हणालो मी. लाज वाटते आता सांगताना, पण असंच म्हणालो.

वही काखोटीला मारली आणि गेलो दुकानात, तडक. गिऱ्हाइकं उभी होती, सगळ्यांसमोर वही उघडून ठेवली. म्हटलं, “वाचा! मोठ्याने वाचा! दोनला एकसष्ट, तीनला किती?” दुकानदाराने वाचलं. पुढचं पान वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला. मग अगदी शांतपणे, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, “काका... थर्मास पाणी गरम ठेवतो. गरम करत नाही.”

दुकानात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकतीस वर्षं वाफेत काढलेला माणूस मी, आणि जाळाशिवाय पाणी तापतं हे मी तीन दिवस सहीनिशी लिहून देत होतो!

घरी आलो, जेवलो. दोनला आडवा झालो. डोळे मिटले आणि घोरायला लागलो, खोटं. पाच मिनिटांत दारात चाहूल. अक्का! मला निरखून बघितलं आणि मागे वळून कुजबुजली. आता अक्काचं कुजबुजणं म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत जाणारं. “घोरतोय गं! ठेव आधण!” मग खुर्ची करकरली. ‘आई गं’ ऐकू आलं. एक पाय टाकल्याचा आवाज, एक पाय ओढल्याचा. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ही ओट्याला धरून, उजवा पाय उचलून, एका पायावर उभी. समोर पातेलं, बाजूला दोन्ही थर्मास, कानटोपी काढून ठेवलेली.

“का गं?” म्हटलं.

ती दचकली नाही, काही नाही. म्हणाली, “तुम्ही वही घेऊन बसता, आकडा पडला की तुमचा चेहराच उतरतो. रात्री नीट जेवत नाही. माझ्या गुडघ्यासाठी एवढं चाललंय तुमचं... म्हटलं, राहू दे गरम.”

“पण तुझी उठबस?” “आधी नऊदा उठत होते. आता तेरादा.” “कशावरून?” तर म्हणते, “तुमच्याच वहीत आहे. शेवटच्या पानावर.” बघितलं. तेरा, चौदा, तेरा. आणि प्रत्येक आकड्यापुढे सही! अक्काची! वर अक्का मलाच म्हणते, “बघतोस काय? पद्धत म्हणजे पद्धत.”

मी तिथेच जाहीर केलं, उद्यापासून आकडा बंद, बुचाला हात लावणार नाही. मनापासून सांगितलं. आणि दुसऱ्या दिवशी सहाला थर्मास भरले. सातला... माझे पाय आपोआप उठले हो! मी बसलोय, पाय उठलेत! गेलो, थर्मासपुढे उभा राहिलो, हात मागे बांधले, परत आलो. आठला पुन्हा. नऊला बुचापर्यंत हात गेला. तेवढ्यात पेपरातून डोकं वर न काढता ही म्हणाली, “उठलातच ना?” म्हटलं, “हो... जरा.” “तासाला उठणारच ना?” “सवय आहे गं.” “मग त्या बिचाऱ्या थर्मासला कशाला छळता? उठलातच आहात तर आधण ठेवा.”

झालं! त्या दिवसापासून तासाला एकदा मी उठतो, पातेलं चढवतो, अक्काला पाणी देतो, हिला कॉफी देतो, वहीत वेळ लिहितो, सही करतो. ही खुर्चीतून हलत नाही. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी गुडघा दाबला, ‘आई गं’ आलं नाही. परवा ती तीन मजले उतरून बागेतल्या बाकापर्यंत जाऊन आली, एकटी, आणि येताना वर चढूनही आली! डॉक्टर मला विचारतात, “केलंत काय नेमकं?” मी म्हटलं, “दोन थर्मास घेतले.” आता माणसाला काहीतरी अब्रू आहे की नाही?

थर्मास आहेत ना, कपाटावर आहेत. तयार झालेले आहेत. मी अजूनही म्हणतो, पद्धत बरोबर होती, एकदा उकळायचं, दिवसभर... किती वाजले? पाच? बघा, वाजलेच. किती जण आहात तुम्ही? चहा की कॉफी? नाही नाही, बसा, बसा. कोणी उठू नका. मी उठलोय.