बाबाले मदत करते

हसू नका बायांनो, पाहुणे मले पाहाले आले त्या दिवशी माहा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळपासून माय एकच घोकवून राहिली होती. "काय काम करतेस म्हनून इचारलं, तर 'भाजीचा धंदा' म्हनू नको. बाईच्या तोंडी तो शब्द बरा दिसत नाही. 'मजुरी' तं नाहीच नाही. 'बाबाले मदत करते' म्हन."

खरं तर जठारपेठेतलं भाजीचं दुकान मीच चालवत होती. बाबा फक्त मळ्यातून माल आनून द्यायचे.

चहा देताना पोराच्या मायनं इचारलंच. मी खाली पाहून म्हटलं, "बाबाले मदत करते."

त्या टक लावून पाहून राहिल्या. "तुले कुठंतरी पाह्यलं."

मी पदर अजून पुढं ओढला. मायनं डोळेच मिटले.

"जठारपेठ! कोथिंबिरीची काडीबी फुकट न देनारी तूच ना?"

मले वाटलं, गेली सोयरीक! त्या पोराकडं वळल्या. "याले मदत नाही, धंदा म्हनतेत. हीच पोरगी पाहिजे."

आता त्याच सासूबाई "मदत करते जराशी" म्हनून माह्या दुकानावर येऊन बसतेत. जो येईल त्याले कोथिंबीर फुकट!